हातचं राखून

डेअरीत सगळे तिला ताई म्हणत. मॅनेजर वयाने तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, पण तेही ताईच म्हणत. एकोणीस वर्षं ती तिथली कॉम्प्रेसर रूम सांभाळत होती. दुधाच्या टाक्या, लोण्याच्या दोन कोल्ड रूम आणि गार पाण्याची मोठी टाकी, या सगळ्यांतली उष्णता उपसून बाहेर फेकायची हे त्या खोलीतल्या तीन कॉम्प्रेसरांचं काम, आणि त्या तिघांना वठणीवर ठेवायचं हे ताईचं. नवीन कामगार आला की ती त्याला पहिल्या दिवशी सांगायची, “थंडी कुठे बनत नसते बाबा. आपण हमाल आहोत. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची.”

घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता आणि ताई वीस. वडील त्याच्या आधीच गेले होते. तिने त्याला वाढवलं, शिकवलं, तो शाळेत गणिताचा मास्तर झाला. बत्तीस वर्षांचा बाप्या झाला तरी ती त्याला छोट्याच म्हणायची. स्वतःच्या लग्नाचं तिने कधी मनावर घेतलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “तीन कॉम्प्रेसर आणि एक भाऊ, एवढा संसार पुरे.”

दीड वर्षापूर्वी छोट्याचं लग्न झालं. भावजय शिकलेली, कामसू, बोलायला गोड. कारखान्यांतली यंत्रं आपोआप चालवणारी कंट्रोल पॅनेल बसवणाऱ्या कंपनीत ती इंजिनियर होती. ताईला नावं ठेवायला जागाच नव्हती, आणि तीच पंचाईत होती.

लग्नाला दोन महिने झाले असतील. एका रविवारी भावजयीने स्वयंपाकघरातला फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढली, दाराचं सैल झालेलं रबर बदललं आणि आतला गारव्याचा आकडा तीनवरून चारवर आणला. संध्याकाळी छोट्या म्हणाला, “ताई, बघ ना, आवाजसुद्धा येत नाही आता. आणि दूध आधीपेक्षा गार.”

“हो का,” ताई म्हणाली.

अकरा वर्षं तो फ्रिज तिथेच भिंतीला चिकटून घरघरत होता. डेअरीतल्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरवर पान पडलं तरी धावणारी ताई, आणि स्वतःच्या घरी ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. चूक तिचीच होती, म्हणून ते जास्तच झोंबलं. त्या रात्री तिने पाणी माठातलंच प्यायलं.

मग हळूहळू लहानसहान गोष्टी टोचायला लागल्या. छोट्या आधी प्रत्येक गोष्ट ताईला विचारायचा. आता कपडे कुठल्या साबणाने धुवायचे इथपासून बँकेतला अर्ज कसा भरायचा इथपर्यंत एकच उत्तर, “हिला विचारतो.” ताई वरून हसायची आणि आतून खदखदायची.

हे घरात होतं तोवर ठीक होतं. आठ तास कॉम्प्रेसर रूममध्ये गेले की डोकं शांत व्हायचं. पण एक दिवस मॅनेजरांनी तिला ऑफिसात बोलावलं.

“ताई, विजेचा खप कमी करायचाय. वरून हुकूम आलाय. एका कंपनीला काम दिलंय, सगळी रेफ्रिजरेशन सिस्टीम पॅनेलवर घ्यायची. त्यांच्या इंजिनियर मॅडम सोमवारी येतील.”

सोमवारी ज्या मॅडम आल्या त्यांच्याबरोबर ताईने त्याच सकाळी एका टेबलावर चहा प्यायला होता. भावजयीलाही आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. ती बसमध्ये म्हणाली, “ताई, तुम्हाला चालणार नसेल तर मी दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगते.”

“मला काय व्हायचंय,” ताई म्हणाली. “डेअरी काही माझ्या बापाची नाही.”

डेअरीत बातमी पसरायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. पॅकिंगवाले म्हणायला लागले, “घरात नणंद साहेब, इथे भावजय साहेब.” ताईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

चार महिने काम चाललं. पाइपांवर तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर बसले. एका कॉम्प्रेसरला वेग कमीजास्त करणारी ड्राइव्ह लागली, म्हणजे दुपारी दूध कमी असलं की तो सावकाश चालायचा, उगाच बंद-चालू होत राहायचा नाही. सगळ्यात मोठं काम हीट पंपाचं होतं. कॉम्प्रेसरांनी बाहेर फेकलेली उष्णता आजवर हवेत जायची. भावजयीने ती पकडून क्रेट धुवायच्या पाण्याला दिली. दुधाची उष्णता काढायची आणि तिनेच पाणी तापवायचं. मागच्या अंगणातला बॉयलर आठवड्यातले पाच दिवस गारच राहायला लागला.

काम वाईट झालं असतं तर ताई सुखाने झोपली असती. पण ते चांगलं होतं, आणि किती चांगलं होतं हे त्या डेअरीत नीट कळणारी ती एकटीच होती. वेल्डिंग सुबक, पाइपांचे उतार बरोबर, एकही सेन्सर उगाच जागा अडवून बसलेला नाही. बाकीचे तोंडदेखली वाहवा करत होते. ताईला मात्र ती वाहवा कुठे कमी पडते तेही दिसत होतं, आणि पोटात आणखी दुखत होतं.

मॅनेजरांनी नोटीस बोर्डावर युनिटांचा आलेख लावला. रेघ खाली खाली जात होती. छोट्याने त्याची प्रत बायकोकडून मागून घेतली, जेवायच्या टेबलावर पसरली आणि पट्टी घेऊन मोजायलाच बसला. “एकवीस टक्के,” तो म्हणाला. “डोकं आहे हं तुझं.” आणि मग ताईकडे वळून, “ताई, आहे ना?”

“आहे की,” ताई म्हणाली आणि ताटं उचलली. तिघांपैकी दोघं अजून जेवत होती हे तिच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर वायरिंगच्या एका कामासाठी पॅनेल पंधरा दिवस बंद ठेवावं लागलं. ताईने सगळं पुन्हा हाताने चालवलं. ते दिवस तिला सुट्टीसारखे गेले. पॅनेल परत सुरू झाल्यावर आठवड्याने भावजय दुपारच्या चहाला तिच्या खोलीत आली. हातात दोन कागद होते.

“ताई, एक विचारायचंय. ते पंधरा दिवस तुम्ही हाताने चालवलं ना, तेव्हा सकाळी सहा ते दहा खप पॅनेलपेक्षाही कमी आलाय. चांगला नऊ टक्के. मी तीन वेळा तपासलं. तुम्ही काय करत होतात?”

ताईने कप खाली ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी तिला असं विचारत होतं. तिला बरं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. मग तिला आलेख दिसला, आणखी खाली गेलेली रेघ, आणि टेबलावर पट्टी घेऊन बसलेला छोट्या.

“पहाटे बाहेरची हवा गार असते,” ती म्हणाली. “तुझं पॅनेल कंडेन्सरचा दाब दिवसभर एकच धरून बसतं. गार हवेत एवढा दाब लागत नाही. मी दोन्ही पंखे लावून तो साडेबारा बारवरून दहावर आणते. कॉम्प्रेसरला ढकलायला कमी जोर लागतो, वीज कमी जाते.”

भावजयीचा चेहरा उजळला. “म्हणजे बाहेरच्या हवेबरोबर दाब खाली सोडायचा. मी ते उन्हाळ्यानंतर करणार होते, पण दहापर्यंत जायचं धाडस झालं नसतं. एवढंच?”

“एवढंच,” ताई म्हणाली.

एवढंच नव्हतं. कोल्ड रूममधल्या कॉइलवर, म्हणजे गारवा देणाऱ्या नळ्यांच्या ओळींवर, हवेतला ओलावा गोठून बर्फ धरतो. तो उतरवायला कॉम्प्रेसरचाच गरम गॅस थोडा वेळ त्या कॉइलमध्ये सोडतात. रोज सकाळी साडेसातला दोन नंबरच्या रूमचं हे डीफ्रॉस्ट असायचं. दाब दहावर असला तर गरम गॅस नेटाने जात नाही, बर्फ अर्धामुर्धा वितळतो आणि पुन्हा गोठतो, आधीपेक्षा टणक. म्हणून ताई सातला एक पंखा बंद करून दाब पुन्हा वर आणायची, डीफ्रॉस्ट उरकलं की परत खाली. हे तिने एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं तेव्हा तिने हातचं राखून सांगितलं.

पहिल्या दिवशी तिने स्वतःला समजावलं, एवढी इंजिनियर आहे, तिचं तिला कळेल. तिसऱ्या दिवशी तिने दोन नंबरच्या रूमच्या दारातल्या काचेतून पाहिलं. कॉइलच्या खालच्या चार ओळी पांढऱ्या राहिल्या होत्या. सहाव्या दिवशी सात ओळी. त्या दिवशी नोटीस बोर्डावर नवा आलेख लागला आणि मॅनेजरांनी भावजयीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ती म्हणाली, “यातलं मला ताईंनी सांगितलं.” लोकांनी ते नम्रपणा समजून सोडून दिलं. ताईनेही तसंच समजून घेतलं, कारण तसं समजणं सोयीचं होतं. रोज काचेतून बघायचं आणि रोज ठरवायचं, उद्या सांगू. उद्या आला की तोंड उघडायचं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी साडेअकराला पॅनेलवर अलार्म वाजला. दोन नंबरची रूम उणे अठरावरून उणे अकरावर आली होती आणि वर चढत होती. दार उघडलं तर कॉइलच्या जागी बर्फाची भिंत. पंखे फिरत होते, पण हवा जायला फटच नव्हती. लोणी वाचवायला हवं होतं. पॅकिंगचे सगळे लोक धावले आणि चारशे क्रेट हातोहात एक नंबरच्या रूममध्ये नेले. ताईही त्यांच्यात होती. नुकसान झालं नाही, पण तीन तास डेअरी थांबली.

मॅनेजर रागाने लाल झाले होते. “एकोणीस वर्षांत असं कधी झालं नाही, मॅडम. लेखी खुलासा द्या. आणि ताई, उद्यापासून सगळं परत हातावर घ्या. ते पॅनेल राहू दे बाजूला.”

हेच शब्द ऐकायला ताई महिनोन् महिने झुरत होती. ते आता सगळ्यांच्या देखत, ठसक्यात बोलले गेले होते. ती “बरं” म्हणाली आणि निघाली. रूमच्या दारावरून जाताना तिला भावजय दिसली. कुणाचं तरी गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट घालून ती पाण्याच्या पाइपने कॉइलवरचा बर्फ उतरवत होती. बाह्या मनगटाच्या खाली लोंबत होत्या, त्यांतून पाणी गळत होतं. तिने वर पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी भावजय जेवली नाही, खोलीत कागद घेऊन बसली. छोट्या स्वयंपाकघरात आला.

“ताई, तू होतीस ना तिथे? तुला आधी काही दिसलं नाही?”

“मी कॉम्प्रेसर रूममध्ये असते,” ताई म्हणाली. “कोल्ड रूम माझ्याकडे नसते.”

“हां, ते बरोबर,” तो म्हणाला आणि पाण्याचा ग्लास भरून आत गेला. त्याने जरा शंका घेतली असती, एखादा उलट प्रश्न केला असता तर ताईला सोपं गेलं असतं. पण लहानपणापासून त्याला ताईचं पहिलं उत्तर पुरायचं.

पुढचे दोन दिवस भावजय ऑफिसात कपाटातली जुनी लॉगबुकं काढून बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती कॉम्प्रेसर रूममध्ये आली. कुणी ऐकू नये म्हणून तिने दार लावून घेतलं आणि एक लॉगबुक उघडून टेबलावर ठेवलं.

“सात वाजता, पंखा दोन बंद. साडेसात, डीफ्रॉस्ट. आठ, पंखा दोन चालू,” तिने वाचलं. “हे सहा वर्षांपूर्वीचं. त्याच्याआधीचीही पाहिली. एक दिवस चुकलेला नाही. अक्षर तुमचंच.”

ताई नोंदवहीत कधी खोटं लिहीत नसे. ते तिच्या हाताला जमलंच नसतं.

“आधी मला वाटलं, सांगायचं राहून गेलं असेल,” भावजय म्हणाली. “रोजच्या सवयीचं माणूस सांगायला विसरतं.”

“विसरले नाही. रोज दारातल्या काचेतून बर्फ बघत होते.”

“मग?”

ताईने तीन नंबरच्या कॉम्प्रेसरवरचं तेल पुसलं. तिथे तेल नव्हतं. “तू विचारायला आलीस ना, तेव्हा मनात आलं, हेसुद्धा हिला देऊन टाकलं तर माझ्यापाशी राहिलं काय. घर तुझं झालं, छोट्या तुझा झाला. ही खोली तेवढी होती. तू वाईट असतीस तर भांडले असते. तू वाईट नाहीस. मग काय करायचं माणसाने?”

“काहीही करायचं होतं,” भावजय म्हणाली. “दोन शिव्या द्यायच्या होत्या. बारा दिवस तुम्ही रोज त्या काचेतून बघत होतात आणि संध्याकाळी मला चहा करून देत होतात.”



लॉगबुक मिटून भावजय म्हणाली, “खुलाशात मी एवढंच लिहिते की जुन्या नोंदींवरून कारण सापडलं. बाकी कुणाला कळायची गरज नाही. त्यालाही नाही.”

“उपकार करू नकोस माझ्यावर,” ताई म्हणाली. तिला स्वतःलाच कळेना की हे शहाणपणाचं बोलणं होतं की जुनाच मत्सर बोलत होता. भावजयीचा मोठेपणा तिला अजूनही सोसत नव्हता. पण पाय मॅनेजरांच्या ऑफिसकडे वळले, हे खरं.

मॅनेजरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आता मला मेमो द्यावा लागेल.”

“द्या,” ताई म्हणाली. “पण पॅनेल कायमचं बाजूला ठेवू नका. ते चांगलं आहे. माझ्यापेक्षा चांगलं चालेल, सगळं नीट शिकवलं तर.”

छोट्याला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं, भावजय बाहेरून यायच्या आत. तो खुर्चीत बसून होता. त्याने टेबलावरची पट्टी सरळ केली, पुन्हा वाकडी केली. मग म्हणाला, “मला तू कधी अर्धं सांगितलं नाहीस.”

“तुला नाही.”

“ती आणि मी वेगळे आहोत का?”

ताईला “हो” म्हणायचं होतं. ते न म्हणता ती ताटं मांडायला उठली. छोट्या त्यानंतर आठ-दहा दिवस तिच्याशी कामापुरतं बोलला. भांडण नाही, अबोला नाही, नुसतं “मीठ दे” आणि “उशीर होईल.” ते तिने मुकाट्याने सोसलं, आपल्याच कर्माचं आहे म्हणून.

भावजय मात्र आपल्या कामाला लागली. एक दिवस तिने ताईपुढे दोनशे पानी वही ठेवली.

“तोंडी नको आता. लिहून द्या.”

बोलण्यात राग नव्हता, गोडवाही नव्हता. ताईने तीन आठवडे लिहिलं. कुठल्या ऋतूत पहाटे दाब किती खाली येतो, गार पाण्याच्या टाकीवर धुकं दिसलं तर कुठला व्हॉल्व्ह बघायचा, एक नंबरच्या रूमचं दार कुठला माणूस उघडं टाकतो, दूध उशिरा आलं तर कुठला कॉम्प्रेसर आधी लावायचा. चौऱ्याऐंशी पानं झाली. भावजयीने त्यातलं जवळजवळ सगळं पॅनेलमध्ये घातलं. अकरा ठिकाणी तिने ताईचं चुकतंय असं दाखवलं. त्यातल्या आठ ठिकाणी खरंच चुकत होतं. उरलेल्या तिन्हींवर दोघी चांगल्या तासभर हुज्जत घालत बसल्या, आणि ताईला कळलं की कितीतरी दिवसांत तिला इतकी भूक लागली नव्हती.

खप एकूण सत्तावीस टक्क्यांनी उतरला. मोठ्या ऑफिसातून लोक बघायला आले. भावजयीने त्यांच्यापुढे ताईची वही ठेवली. त्यांनी ती चाळली, मान डोलावली आणि मग फोटो भावजयीचा पॅनेलशेजारी काढला. ताई मागे उभी होती. पोटात पुन्हा तीच कळ आली, अगदी जुन्या जागी. ती जाईल असं तिला वाटलं होतं, पण ती काही गेली नव्हती. एवढंच की आता ताई त्या कळेला ओळखत होती, आणि ती आली म्हणून लगेच काही करायची गरज नसते हेही तिला उमगलं होतं.

हिवाळा संपता संपता भावजयीला दुसऱ्या गावच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजचं काम मिळालं. महिनाभर तिकडेच राहायचं होतं. चौथ्या दिवशी दुपारी ताईचा फोन वाजला.

“ताई, इथला ऑपरेटर मला काहीतरी सांगत नाहीये,” भावजय म्हणाली. “पंचवीस वर्षं आहे इथे. काही विचारलं की म्हणतो, एवढंच. तुमचं काय मत?”

ताईला हसू आलं, आणि लाजही वाटली. “किती वेळा विचारलंस?”

“एकदाच.”

“एकदा विचारून कोण सांगतं. उद्या परत जा. कागद नेऊ नकोस, टक्के काढू नकोस. त्याच्या कॉम्प्रेसरशेजारी नुसती उभी राहा. आधी त्याला विचार, हा आवाज आज वेगळा येतोय का. मग बघ.”

“आणि तरी नाही सांगितलं तर?”

“तर त्याची लॉगबुकं काढ.”

पलीकडे भावजय हसली. मनापासूनचं हसणं, बऱ्याच महिन्यांनी. मग ती त्या ऑपरेटरबद्दल बोलत राहिली, किती हुशार आहे, हात लावून पाइपाचं तापमान कसं अचूक सांगतो, किती शिकण्यासारखं आहे त्याच्याकडून.

“असेल,” ताई म्हणाली. “पण फार डोक्यावर घेऊ नकोस त्याला.”